प्री-एक्लॅम्प्सिया आणि आतड्यांतील जिवाणू

गरोदरपणाचे २० आठवडे उलटल्यावर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर जाणे आणि सोबत लघवीतून प्रथिने जाणे किंवा यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांना इजा पोहोचणे, या विकाराला प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. जगात सुमारे २ ते ८ टक्के गरोदर स्त्रियांना तो होतो. गर्भाशयातल्या रक्तवाहिन्या पुरेशा रुंदावल्या नाहीत की वारेला (प्लॅसेंटाला) रक्त कमी पडते. मग वारेतून सुटणारी द्रव्ये आईच्या रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडवतात.

या बिघाडात आतड्यांचाही वाटा असावा, असे अलीकडच्या संशोधनातून दिसते. बाधित स्त्रियांच्या शौचाच्या नमुन्यांत फीकॅलिबॅक्टेरियम आणि अ‍ॅकरमान्सिया हे उपकारक जिवाणू कमी, तर फ्युजोबॅक्टेरियम जास्त आढळले आहेत. फीकॅलिबॅक्टेरियम अन्नातल्या तंतूंपासून ब्युटिरेट नावाचे मेदाम्ल बनवतो. मोठ्या आतड्याच्या अस्तराचे पोषण मुख्यतः त्यावर होते. अस्तर कमकुवत झाले की जिवाणूंची विषद्रव्ये रक्तात झिरपतात आणि दाह वाढतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बाधित स्त्रियांचे शौचातले जिवाणू उंदरांच्या माद्यांना दिले. त्यांचा रक्तदाब गर्भ राहण्याआधीच चढला, गरोदरपणात आणखी वाढला, लघवीत प्रथिने आली आणि गर्भांचे वजन कमी भरले. हा पुरावा बोलका आहे, पण उंदरांतला. स्त्रियांचे नमुने बहुधा आजार जडल्यावर घेतलेले असतात, आणि लठ्ठपणा, आहार व औषधे यांनीही जिवाणू बदलतात.

म्हणून प्रोबायोटिक (उपकारक जिवाणूंच्या) गोळ्या स्वतःच्या मनाने घेणे धोक्याचे आहे. गरोदरपणातला मधुमेह टाळण्यासाठी त्या देऊन झालेल्या चाचण्यांचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २०२१ मध्ये आढावा घेतला, तेव्हा प्री-एक्लॅम्प्सियाचा धोका उलट वाढलेला दिसला.

बाळाच्या बाबतीत गुंता अधिक आहे. प्रसूती हाच या विकारावरचा खरा उपाय असल्याने बाळ अनेकदा अपुऱ्या दिवसांचे, सिझेरियनने जन्मते. त्याला प्रतिजैविके मिळतात, अतिदक्षता विभागात ठेवावे लागते, आईचे दूधही उशिरा मिळते. यातली प्रत्येक गोष्ट आतड्यांत आधी कोणते जिवाणू वस्ती करणार हे बदलते. सिझेरियनच्या बाळांत बॅक्टेरॉइड्स कमी असतात. बिफिडोबॅक्टेरियम आईच्या दुधातल्या, बाळाला न पचणाऱ्या शर्करांवर वाढतात. दूध लांबले की तेही मागे पडतात. त्यामुळे बाळातला कोणता बदल आजाराचा आणि कोणता जन्माच्या परिस्थितीचा, हे वेगळे काढणे अवघड जाते. बाळ अजून गिळू शकत नसेल, तर आईचा चीक (प्रसूतीनंतरचे पहिले दूध) थेंबाथेंबाने त्याच्या गालाच्या आतल्या बाजूला लावतात.