बोटावर ९८, तरी शिरेत ५१?

इंदूरच्या एमवाय रुग्णालयात आपल्यापैकी कुणी आयसीयूत असलं की बाहेर बसलेला भाचा नागपूरच्या मावशीला फोनवर आधी हेच सांगतो, "ऑक्सिजन ९८ आहे गं मावशी, काळजी करू नकोस." करोनानंतर हा आकडा सगळ्यांना पाठ झालाय. पण बोटाचा चिमटा एवढंच सांगतो, की फुप्फुसातून निघालेलं रक्त ऑक्सिजनने भरलेलं आहे. पुढे पेशींचं भागलं का, हे कळायला शिरांमधून परतणारं रक्त तपासावं लागतं.

गणेशोत्सवातली मंडळाची पंगत आठवा. वाढपी जिलब्यांची परात भरून निघाला, हे स्वयंपाकघरातून दिसतं. पंगत किती भुकेली होती, ते परत आलेली परात सांगते. निरोगी माणसाच्या धमन्यांतून मिनिटाला साधारण १००० मिलिलिटर ऑक्सिजन निघतो. शरीर त्यातला २५० वापरतं, म्हणून परतीच्या रक्तात ७० ते ७५ टक्के उरतो.

आता थोडा हिशेब. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन धरतं. रक्तस्रावाने दर १०० मिलिलिटर रक्तातलं हिमोग्लोबिन १५ ग्रॅमवरून ८ वर आलं आणि हृदय पूर्वीसारखंच मिनिटाला ५ लिटर रक्त ढकलत राहिलं, तर निघणारा ऑक्सिजन ५२५ मिलिलिटरवर येतो. गरज तीच, २५०. शिरेतला आकडा ५१ वर घसरतो आणि बोटावर ९८ तसाच! हृदय थकलं किंवा तापाने हुडहुडी भरली, तरी शिरेतला आकडा असाच उतरतो. कारण कोणतं, ते डॉक्टरांनाच शोधावं लागतं.

सगळ्या शरीराचं मिसळलेलं रक्त मिळतं फुप्फुसधमनीत. तिथवर पोचणारी, टोकाला फुगा असलेली नळी स्वान आणि गँझ यांनी १९७० मध्ये आणली. आज बहुतेक वेळा मानेतल्या सेंट्रल लाईनमधून (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणाऱ्या नळीतून) नमुना घेतात: लाईनमधलं सलाईन मिसळलेलं पहिलं रक्त बाजूला काढायचं, मग रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनच्या सिरिंजमध्ये नमुना, हवेचा बुडबुडा काढून थेट रक्तातले वायू मोजणाऱ्या एबीजी मशीनवर. यात डोकं आणि हातांकडचंच रक्त असतं. शॉकमध्ये, म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त मिळत नाही तेव्हा, आतडी उपाशी असली तरी हा आकडा जरा बरा दिसतो.

२००१ मध्ये डेट्रॉइटच्या डॉ. इमॅन्युएल रिव्हर्स यांनी सेप्सिसच्या (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागलेल्या) रुग्णांत पहिल्या ६ तासांत हा आकडा ७० च्या वर आणण्यासह ठरावीक उपचार केले. रुग्णालयातले मृत्यू ४६.५ वरून ३०.५ टक्क्यांवर आले. जगभर ७० चा ध्यास लागला. पण २०१४-१५ मध्ये अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमधल्या तीन मोठ्या चाचण्यांत फायदा दिसला नाही. तोवर लवकर अँटिबायोटिक आणि सलाईन देणं नेहमीचंच झालं होतं. मला विचाराल तर हा आकडा गाठायचं लक्ष्य नव्हे, चौकशीची सुरुवात आहे.

फसवतो तो ८५ सारखा चढा आकडा. परात भरलेलीच परत आली म्हणून पंगत तृप्त झाली असं नाही. वाढप्याने मधल्या रांगा गाळल्या असतील, किंवा पानावरच्यांना घास गिळवत नसेल. सेप्सिसमध्ये दोन्ही घडू शकतं: रक्त काही पेशींना वगळून जातं, किंवा पेशींना ऑक्सिजन वापरताच येत नाही. म्हणून सोबत लॅक्टेट (ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारा पदार्थ) बघतात, आणि बोटाचं टोक दाबून सोडतात. रंग परतायला ३ सेकंदांहून जास्त लागले, तर रक्त तिथवर नीट पोचत नाहीये, मग शिरेतला आकडा काहीही म्हणो.