बांबूचा कीस पाण्यात काय सोडतो?

‘बांबूची साल खरवडून तिचा काढा प्या, रक्तदाब उतरेल, प्रयोगशाळेत सिद्ध झालंय!’ हा निरोप फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. चिनी वैद्यकात असं औषध आहे, प्रयोगही झाले आहेत. घोटाळा आहे तो काढा आणि प्रयोग यांच्या मधे.

त्या औषधाचं नाव झू-रू. ती साल नव्हेच. वेळूची सिलिका आणि मेण असलेली हिरवी पाठ आधी तासून टाकतात आणि तिच्याखालचा फिकट थर पट्ट्यापट्ट्यांनी किसतात. घट्ट पिवळा कफ, ओकारी, उचकी यांवर तो देतात. मात्रा साधारण ५ ते १० ग्रॅम. सुमारे १८०० वर्षांपूर्वीचे वैद्य झांग झोंगजिंग यांच्या उचकीवरच्या काढ्यात या किसाबरोबर संत्र्याच्या जातीच्या फळाची साल, चिनी बोरं, ज्येष्ठमध, जिनसेंग आणि आलं आहे. रक्तदाब यात कुठेच नाही.

तो आला उंदरांवरच्या प्रयोगांतून. किसापासून काढलेल्या एका अर्काने उंदरांचा रक्तदाब उतरला, आणि त्या अर्कातल्या फ्रिडेलिन नावाच्या घटकाने त्यांच्या महाधमनीचे आकसलेले तुकडे सैल पडले. पण तो अर्क पाण्यात उकळून काढलेला नव्हता! त्यासाठी कार्बन डायऑक्साइड वापरला होता, आणि मला सगळ्यात मोह पडतो तो इथे. हा वायू ३१ अंश सेल्सियसच्या वर आणि वातावरणाच्या सुमारे ७३ पटींहून जास्त दाबाखाली नेला, की तो धड वायूही राहत नाही आणि धड द्रवही होत नाही. वायूसारखा बारीक छिद्रांत शिरतो, द्रवासारखा पदार्थ विरघळवतो. त्याच्या रेणूत विद्युतभाराचा तोल दोन्ही बाजूंनी सारखा, म्हणून तेलकट रेणूंशी त्याचं जमतं. दाब सोडला की तो उडून जातो, अर्क मागे राहतो.

फ्रिडेलिनच्या रेणूत कार्बनचे ३० अणू, हायड्रोजनचे ५० आणि ऑक्सिजनचा फक्त १. पाण्याच्या रेणूंना धरायला त्यावर जवळजवळ जागाच नाही. हळद तेलाच्या फोडणीत रंग सोडते, नुसत्या पाण्यात तिचा गाळ तळाशी बसतो, तसंच हे. म्हणजे पातेल्यात उकळलेल्या किसाचं फ्रिडेलिन बहुतेक चोथ्यातच राहणार, आणि चोथा आपण फेकून देतो.

मग उचकी-ओकारीचं काय? तिथे मला आल्याचा संशय आहे. मळमळ थांबवण्यासाठी तर हा कीस मुद्दाम आल्याच्या रसात परतून घेतात. गरोदरपणातल्या मळमळीवर एकट्या आल्याचा उपयोग माणसांवरच्या चाचण्यांत दिसला आहे. बांबूचा वाटा किती, हे आलं वगळून केलेल्या चाचणीतच कळेल. ‘प्रयोगशाळेत सिद्ध’ असं वाचलंत, की अर्क कशात काढला होता एवढं आधी विचारा. आणि रक्तदाबाची चालू गोळी अशा निरोपावर विसंबून थांबवू नका.

निरोपासोबतचा फोटो तर वंशलोचनाचा होता. पेरांच्या पोकळीत साठणारी ती सिलिका. आपल्या सितोपलादि चूर्णात असते. चिनी लोक तिला ‘त्यानझू-ह्वांग’ म्हणतात. त्यानझू हे भारताचं जुनं चिनी नाव.