दुपारी अडीचला बंद पडणारा कॉम्प्युटर

आत्याचा फोन शक्यतो संध्याकाळी येतो. मे महिन्यातल्या त्या दिवशी तो भर दुपारी आला, तेव्हाच वाटलं, काहीतरी बिनसलंय. "अगं, परत गेला बघ. पत्रिका निम्मी झाली होती, सेव्हसुद्धा केली नव्हती."

आत्या नाशिकला पंचवटीत राहते आणि घरबसल्या डीटीपीची, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचे मजकूर मांडायची कामं करते. लग्नसराईत पत्रिका, एरवी बिलबुकं, निमंत्रणं, वाढदिवसाचे फ्लेक्स. कॉम्प्युटर माडीवरच्या खोलीत, वर पत्रे. यंत्र नऊ वर्षांचं. थंडीत ते एकदाही कुरकुरलं नव्हतं. एप्रिल लागला आणि दुपारी अडीच-तीनच्या सुमारास आधी रांगायला लागलं, मग खटकन बंद. लगेच बटण दाबलं तर दोन मिनिटांत पुन्हा बंद. अर्धा तास थांबलं की मात्र निमूट चालू. एका दुरुस्तीवाल्याने न उघडताच 'मदरबोर्ड गेलाय' असं सांगितलं होतं, आणि आत्या नवा घ्यायच्या तयारीत होती. मी तिला म्हटलं, दोन दिवस थांब, मी येते.

थंडीत चालणारं, उन्हाळ्यात बंद पडणारं आणि विश्रांती दिली की पुन्हा चालणारं यंत्र बहुतेक वेळा 'गेलेलं' नसतं. ते स्वतःला वाचवत असतं. मी भौतिकशास्त्र शिकवते, आणि आत्याच्या कॉम्प्युटरसारखं उष्णतेचं उत्तम उदाहरण मला वर्गात क्वचितच मिळालंय.

आपण त्या अख्ख्या डब्याला सीपीयू म्हणतो. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, आत मदरबोर्डवर, म्हणजे मुख्य सर्किटच्या पाटीवर, एका झाकणाखाली बसलेली सिलिकॉनची चकती असते, जेमतेम दीड-दोन चौरस सेंटिमीटरची. तिच्यात अब्जाच्या घरात ट्रान्झिस्टर असतात. ते चालू-बंद होताना सूक्ष्म विद्युतभार भरतो आणि रिकामा होतो, आणि दर वेळी थोडी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. सेकंदाला तीन-साडेतीन अब्ज ठोक्यांनी हे चालू असतं. घरगुती प्रोसेसर कामाच्या भरात साधारण ६५ वॉट वीज घेतो, आणि ती सगळीच्या सगळी शेवटी उष्णतेत जाते. पत्रिकेवरचा गणपती पडद्यावर दिसतो, पण त्यासाठी खर्चलेली वीज खोलीतल्या हवेतच येते.

६५ वॉट म्हणजे काय मोठं, असं वाटेल. इस्त्री १,००० वॉटची असते. पण इस्त्रीचा तळ दोनशेएक चौरस सेंटिमीटरचा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण ५ वॉट. प्रोसेसरच्या चकतीवर हाच आकडा ३० ते ४० निघतो. इस्त्रीच्या तळापेक्षा सहा ते आठ पट दाटीने उष्णता निर्माण करणारी वस्तू आपण टेबलाखाली ठेवतो आणि तिने शंभर अंशांच्या आत राहावं अशी अपेक्षा करतो. ती राहते, कारण उष्णतेला बाहेर पडायची वाट करून दिलेली असते: चकतीवरून धातूच्या झाकणात, तिथून थर्मल पेस्ट नावाच्या मलमाच्या पातळ थरातून हीटसिंकमध्ये, म्हणजे पात्यापात्यांच्या धातूच्या ठोकळ्यात, हीटसिंकच्या पात्यांवरून फॅनच्या वाऱ्यात, कॅबिनेटमधल्या हवेतून खोलीत आणि खोलीतून बाहेर.

बंद पडणाऱ्या कॉम्प्युटरबद्दल मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे: उष्णता किती तयार होते यापेक्षा ती या वाटेवर कुठे अडते ते शोधा. आणि ते शोधायला नाशिकचा द्वारका सर्कलचा चौक आठवा. चौकात कोंडी झाली की गाड्यांची रांग चौकाच्या अलीकडे लागते, पलीकडचा रस्ता मोकळा असतो. उष्णतेचं अगदी तसंच आहे. जिथे वाट अरुंद होते, त्याच्या अलीकडे तापमान चढतं आणि पलीकडे नेहमीसारखंच राहतं. त्यामुळे कुठल्या दोन टप्प्यांमध्ये तापमान एकदम कोसळतं ते कळलं, की दुखणं सापडलं.

मोजणं अवघड नाही. प्रोसेसरच्या आतच तापमान सांगणारे सेन्सर असतात. कोअर टेम्प, एचडब्ल्यूमॉनिटर यांसारखी मोफत सॉफ्टवेअर त्यांचे आकडे पडद्यावर दाखवतात. बायोसमध्येही, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावरही, तापमान दिसतं, पण तिथे यंत्र फारसं काम करत नसतं, म्हणून तो आकडा फसवा. कामाच्या भरात मोजायला हवं. आत्याला मी तिची सगळ्यात जड फाइल उघडायला सांगितली, सोनेरी नक्षी आणि सावल्या असलेली, आणि पीडीएफ करायला लावली. खोलीत ३९ अंश होते. आकडा ६० वरून चढत चार मिनिटांत ९९ वर गेला, पडदा अडखळायला लागला, आणि मी "बंद कर" म्हणायच्या आत सगळं काळं.

हे अडखळणं आणि काळं होणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास आधी स्वतःचा वेग कमी करतात, म्हणजे वीज कमी लागते आणि उष्णता घटते. तेवढ्याने भागलं नाही आणि पारा चढतच राहिला, तर वीज तोडली जाते, कुणाला न विचारता. काही मदरबोर्डांत ही तोडायची मर्यादा बायोसमधून आणखी खाली आणता येते. ही सोय पूर्वी सगळीकडे नव्हती. २००१ साली चालू प्रोसेसरवरून हीटसिंक काढून घेण्याची एक चाचणी खूप गाजली होती. त्यात इंटेलचा पेंटियम ४ मंदावून तगला आणि एएमडी कंपनीचा त्या काळचा अ‍ॅथलॉन क्षणात धूर सोडून जळाला. आज कॉम्प्युटर खटकन बंद होतो तेव्हा चिडण्याआधी तो धूर आठवावा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत अशा वेळी बहुधा कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद सापडते. तिच्यावरून निदान करू नका. वीज अचानक तुटली एवढंच ती सांगते, का ते नाही.

उष्णतेने मोठमोठ्या कंपन्यांनाही वाट बदलायला लावली आहे. २००४ साली इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला चार अब्ज ठोक्यांचा पेंटियम ४ आणायचा बेत सोडून दिला, आणि चिप तापण्याचा प्रश्न त्यामागचं एक मोठं कारण होता. प्रोसेसरमधला काम करणारा एकच गाभा (कोअर) आणखी पळवण्याऐवजी दोन, चार, आठ गाभे शेजारीशेजारी ठेवायची पद्धत त्यानंतर रुळली.

पुन्हा माडीवर येऊ. थंडीत का चालायचा? हीटसिंक आणि फॅन मिळून प्रोसेसर भोवतालच्या हवेपेक्षा किती अंश वर राहील एवढंच ठरवतात. तोच प्रोसेसर, तेच काम, तीच धूळ, तर हा फरक जवळपास तेवढाच राहतो. आत्याकडे तो ६० अंशांचा झाला होता. डिसेंबरच्या दुपारी खोलीत २६ अंश असतील तर प्रोसेसर ८६ वर, तापलेला पण चालता. मे महिन्यात ३९ अधिक ६०, झाले ९९. आजार जुनाच होता, उन्हाळ्याने फक्त वरचे तेरा अंश घातले. फॅन हवा थंड करत नाही, नुसती हलवतो, हेही इथेच लक्षात घ्यावं. माठातलं पाणी भोवतालच्या हवेपेक्षा गार होतं ते बाष्पीभवनामुळे. कोरडा हीटसिंक खोलीपेक्षा गार कधीच होणार नाही. आणि म्हणून कूलरचा ओला झोत कॉम्प्युटरवर सोडायचा मोह आवरा. थेंब आत गेले तर मदरबोर्ड खरंच जाईल.

प्लग काढला, यूपीएस बंद केला, कॅबिनेटची बाजू उघडली. फॅनच्या पात्यांच्या कडांना काळपट किटण होतं. फॅन उचलल्यावर खाली जे दिसलं ते बघून आत्या "अगं बाई!" म्हणाली. हीटसिंकच्या पात्यांवर धुळीचा अखंड नमदा बसला होता, लोकरीसारखा, चिमटीत धरून सोलता येईल असा. हाताला चिकट लागत होता आणि त्याला उदबत्तीचा वास येत होता. कॉम्प्युटरशेजारी देवघर, जिन्याखाली स्वयंपाकघर. उदबत्तीचा धूर आणि फोडणीचा तेलकट वाफारा पात्यांवर चिकटतो आणि मग आलेली प्रत्येक धूळ तिथेच राहते. नुसती कोरडी धूळ बरीचशी वाऱ्याबरोबर निघून जाते.

साफ करताना दोन गोष्टी सांभाळा. ब्लोअर मारण्याआधी फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो बेफाम फिरून बेअरिंग खराब होतं. आणि एसएमपीएसचा, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा कधीही उघडू नका. आपली २३० व्होल्टची वीज त्यातल्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत साठते आणि प्लग काढल्यावरही काही काळ तिथे राहू शकते. बाहेरून ब्रशने झटका, तेवढं पुरे.

साफसफाईनंतर तीच फाइल, तीच पीडीएफ. आकडा ९० वर येऊन थांबला. नऊ अंश उतरले, कॉम्प्युटर चालू राहिला. खूप जण इथेच थांबतात. मला ते नव्वद पटत नव्हते. म्हणून लगेच बंद करून, प्लग काढून, हीटसिंकच्या पात्यांना बोट लावलं. कढत असायला हवं होतं. बोट आरामात टेकवता आलं.

द्वारका सर्कलची कोंडी इथे होती. वाऱ्याची वाट बंद असती तर हीटसिंक स्वतःच चटका देण्याइतका तापला असता, कारण रांग त्याच्यापर्यंत मागे आली असती. इथे प्रोसेसर ९० अंशांवर आणि त्याच्या डोक्यावरचा अ‍ॅल्युमिनियम मात्र नुसता गरम. म्हणजे अडथळा दोघांच्या मधे, त्या केसाएवढ्या जागेत. हीटसिंक चार प्लॅस्टिकच्या पायांनी मदरबोर्डात खटके देऊन बसवलेला असतो. त्यातला एक पाय अर्धवट वर आला होता. एका कोपऱ्यात हीटसिंक किंचित उचलला गेला होता, आणि खालची पेस्ट वाळून भिंतीच्या पोपड्यासारखी सुटत होती.

पेस्ट लागते कशाला? धातूचे दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी ते उंचवट्यांवरच टेकतात, मधल्या खळग्यांत हवा राहते. आणि हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे, अ‍ॅल्युमिनियम तिच्या नऊ हजार पट चांगलं. थर्मल पेस्ट धातूच्या मानाने अगदीच सुमार, पण हवेपेक्षा शंभर-दोनशे पट सरस, म्हणून खळग्यांत ती भरायची. याच कारणाने ती जास्त लावायची नसते. जाड थर म्हणजे चांगल्या धातूंच्या मधे घातलेली सुमार भिंत. मटारच्या दाण्याएवढा ठिपका मधोमध ठेवायचा आणि हीटसिंकच्या दाबाने पसरू द्यायचा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढली, नवा ठिपका ठेवला, समोरासमोरचे दोन पाय आधी आणि मग उरलेले दोन असे खटके दिले. चारही पायांचा खट् असा आवाज वेगवेगळा ऐकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला, खोली ३९ वर असताना, आकडा ७३ वर थांबला. खर्च झाला तो पेस्टच्या ट्यूबचा.

सगळेच कॉम्प्युटर आत्याच्या कॉम्प्युटरसारखे नसतात. बाजू उघडी ठेवताच पारा दहा-बारा अंशांनी उतरला, तर दोष कॅबिनेटमधल्या कोंडलेल्या हवेचा. आपल्याकडच्या कॉम्प्युटर टेबलांना खाली सीपीयूसाठी दार असलेला कप्पा असतो. तो दिसायला छान आणि यंत्राला घातक. निदान दार आणि मागची फळी काढून टाका. तापमान सत्तरीतच असताना यंत्र बंद होत असेल तर प्रोसेसरचा नाद सोडा. यूपीएस बाजूला ठेवून थेट भिंतीतल्या सॉकेटवर चालवून बघा. तरी तेच, तर संशय एसएमपीएसवर. मदरबोर्डवरच्या छोट्या नळकांड्यांसारख्या कपॅसिटरांकडेही नजर टाका. त्यांचं डोकं सपाट हवं. फुगलं असेल किंवा तपकिरी डाग पडला असेल तर मदरबोर्ड खरोखर दुरुस्तीला न्यावा लागेल. उष्णता त्यांनाही खाते. ढोबळ नियम असा की दर दहा अंशांच्या वाढीला अशा कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं. लॅपटॉप गादीवर ठेवून वापरू नका. त्याची हवा बहुधा पोटाखालून येते.

देवघर हलवायला आत्या अर्थातच तयार नव्हती. मग आम्ही टेबल खिडकीकडे नेलं आणि कॅबिनेट जमिनीवरून उचलून एका चौरंगावर ठेवलं. साफसफाई ती दरवर्षी दिवाळीला करते. कॉम्प्युटरची मात्र होळी झाल्यावर, उन्हाळा चढायच्या आत करायची असं ठरलं. पुढच्या वर्षीची दिनदर्शिका अजून घरात आलेली नाही, म्हणून तिने कॅबिनेटच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवलंय: गुढीपाडव्याआधी उघडणे.