टॉपवरची बंदी आणि कंट्रोल डेकची बदललेली चाल

मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाच्या लेगसी फॉरमॅटमध्ये (जुनी कार्डंही चालतात असा स्पर्धाप्रकार) एप्रिल २०१७ मध्ये ‘सेन्सेज डिव्हायनिंग टॉप’वर बंदी आली. एका मानाचं (माना म्हणजे कार्ड खेळायला लागणारी ऊर्जा), दिसायला गरीब आर्टिफॅक्ट, म्हणजे वस्तूचं कार्ड. पण कंट्रोल (समोरच्याला आधी रोखून मग सावकाश जिंकण्याची पद्धत) कसं खेळावं यावरचे वाद आजही फिरून त्या बंदीपाशी येतात, म्हणून जरा मागे जावं लागतं.

फार मागे नको. खेळ १९९३ चा. दोनेक वर्षांत पहिला नावाजलेला कंट्रोल डेक (खेळाडूचा कार्डांचा गठ्ठा) उभा राहिला: जिंकायला दोन ‘सेरा एंजल’, बाकी सगळी कार्डं समोरच्याला थोपवण्यासाठी आणि हात भरलेला ठेवण्यासाठी. मग निव्वळ निळ्या रंगाच्या कार्डांचे डेक आले. आपल्या टर्नला कार्ड काढायचं, लँड (माना देणारं कार्ड) टाकायची, ‘गो’ म्हणायचं आणि समोरच्याच्या टर्नला काउंटर मारायचा, म्हणजे त्याचं कार्ड रद्द करायचं. १९९९ मध्ये एका लेखाने विचारलं, या सामन्यात मारणारा कोण आणि रोखणारा कोण? ते डेकच्या नावावरून नव्हे, सामन्यागणिक ठरतं. दोन कंट्रोल डेक भिडले तरी एकाला मारणारा व्हावंच लागतं आणि ते उशिरा कळलं की डाव गेला. सिद्धांतात त्यानंतर फारशी भर पडली असं मला वाटत नाही. बदलली ती हत्यारं.

टॉप २००४ चं. एक माना भरून लायब्ररीवरची (अजून न काढलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यावरची) तीन कार्डं पाहायची आणि हव्या त्या क्रमाने ठेवायची. किंवा टॉप टॅप करून (आडवं करून) एक कार्ड काढायचं, मग टॉप स्वतःच लायब्ररीवर जाऊन बसतं. २००६ मध्ये ‘काउंटरबॅलन्स’ आलं: समोरच्याने स्पेल टाकला (लँड सोडून कोणतंही कार्ड खेळलं) की आपलं वरचं कार्ड उघडायचं, मानांतली किंमत जुळली तर स्पेल रद्द. २०१२ मध्ये ‘टर्मिनस’: एरवी सहा मानांचं, पण त्या टर्नमध्ये काढलेलं पहिलंच कार्ड असेल तर एका पांढऱ्या मानात सगळे क्रीचर (हल्ला करणारे प्राणी) लायब्ररीच्या तळाशी. याच ‘मिरॅकल’ नियमावरून ही तिन्ही कार्डं खेळणाऱ्या डेकचं नाव ‘मिरॅकल्स’ पडलं.

नियम ‘त्या टर्नमध्ये’ म्हणतो, ‘तुमच्या टर्नमध्ये’ नाही. सगळी गोम इथे आहे. समोरचा चार क्रीचर घेऊन हल्ल्याला निघतो. तुम्ही टॉप टॅप करता, आधीच वर लावून ठेवलेलं टर्मिनस हातात येतं आणि बोर्ड साफ. वर लायब्ररीवर आता टॉप आहे, किंमत एक. हल्ला फसल्यावर त्याने एका मानाचा स्पेल टाकला तर काउंटरबॅलन्स तोही गिळतं. आणि लेगसी तर एका मानाच्या स्पेल्सवरच चालतं.

बंदीमागे कारणं दोन: मिरॅकल्स वर्षानुवर्षं वरचढ होता, आणि टॉपमुळे फेऱ्या लांबत. दुसरी तक्रार जुनीच. तिच्यामुळे एक्स्टेंडेड या दुसऱ्या फॉरमॅटमधून ते २००८ मध्येच गेलं होतं, आणि २०११ मध्ये मॉडर्न हा फॉरमॅट सुरू झाला तोच टॉपला दाराबाहेर ठेवून. फेरी ५० मिनिटांची, वर पाच जादा टर्न. फेचलँड (लायब्ररीतून दुसरी लँड शोधून देणारी लँड) फोडली की लायब्ररी पिसायची, म्हणजे वरची तीन कार्डं नवी, म्हणजे पुन्हा टॉप. एकेका वेळी थोडकंच, पण शेवटचं टेबल उठेपर्यंत पुढची फेरी लागत नाही आणि त्या टेबलावर बहुधा टॉप असायचं.

तरी वेळेचं कारण मला पूर्ण पटत नाही. मॅजिक ऑनलाइनवर, म्हणजे खेळाच्या संगणकावरच्या रूपात, प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. तिथे टॉप फिरवणारा स्वतःचीच मिनिटं जाळतो. समोरच्याचा गळा आवळत होतं ते काउंटरबॅलन्स. ते काढलं असतं तर टॉप वापरणारे इतर लहानसहान डेक विनाकारण भरडले गेले नसते. (घड्याळाची रड मात्र तशीच राहिली असती, हेही कबूल.) व्हिंटेज आणि कमांडर या फॉरमॅटमध्ये टॉप आजही चालतं.

मिरॅकल्स मेला नाही. १९९५ च्या आइस एजमधलं ‘पोर्टेंट’ खोक्यातून बाहेर निघालं, कारण त्याचं कार्ड पुढच्या टर्नच्या अपकीपला (सुरुवातीच्या टप्प्याला), म्हणजे समोरच्याच्या टर्नला हातात येतं. टर्मिनसला तेवढं पुरतं. २०१८ मध्ये ‘टेफेरी, हिरो ऑफ डोमिनारिया’ आला आणि सेरा एंजलचीही गरज उरली नाही: टेफेरीने स्वतःलाच लायब्ररीत वरून तिसरं ठेवत राहायचं आणि समोरच्याची कार्डं संपायची वाट पाहायची (ती संपली की तो हरतो). २०२१ मध्ये ‘काउंटरस्पेल’ मॉडर्नमध्ये उतरलं तेव्हा कंट्रोलवाल्यांनी सण साजरा केला. त्याच संचातून पहिल्या टर्नला उतरणारं ‘रागावन’ नावाचं माकडही आलं, आणि ते घेऊन मारत सुटणाऱ्या निळ्या-लाल डेकनेही काउंटरस्पेल उचललं.