दिव्यांग मुलाला गावची शाळा नाकारू शकते का?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात पालकांना आजही सांगितले जाते, की दिव्यांग मुलाला विशेष शाळेतच घालावे लागते आणि गावची शाळा प्रवेश नाकारू शकते. हे साफ चूक आहे. सर्वसाधारण शाळेत अशा मुलांना सामावून घेण्याची केंद्राची योजना १९७४ पासूनची आहे. पुढे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने, ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, स्वतःच्या पसंतीने, मोफत शिकण्याचा हक्क दिला.

आपल्या सीमाभागासाठी याच कायद्याचे कलम १७ मला सर्वांत मोलाचे वाटते. घरी मराठी बोलणाऱ्या, कमी ऐकू येणाऱ्या मुलीपुढे शाळेत कन्नड आणि इंग्रजीही उभ्या राहतात. शिक्षक फळ्याकडे वळून बोलू लागले, की तिला ओठही दिसेनासे होतात. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट, असे बदल सरकारने करावेत, असे हे कलम स्पष्ट सांगते. म्हणून पालकांनी तोंडी नकारावर परत फिरू नये. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी आणि नकाराचे कारणही लेखीच मागावे.