‘पित्त झालंय’ म्हणण्याआधी

रविवारी सकाळचा चहा झाला की आमच्या वहिनी फ्रिजच्या मधल्या कप्प्यातून एक चपटा डबा काढतात. त्यात वजन कमी करण्याच्या इंजेक्शनचं पेन असतं. हात धुवायचे, बेंबीपासून चार बोटं सोडून जागा पुसायची, गेल्या खेपेला डावीकडे टोचलं असेल तर या खेपेला उजवीकडे. सुई जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी. बटण दाबून धरायचं, मनात सावकाश आकडे मोजायचे, सुई काढायची. मग भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या रविवारच्या चौकोनात एक टिंब. शेजारच्या चौकोनांत दुधाचा हिशेब आणि गॅस सिलिंडर लावल्याची खूण असते.

“सुयेचा काय नाय गो,” वहिनी म्हणतात, “मंगळवार सोसूक व्हयो.”

मंगळवारच का, हे समजायला वेळ लागला नाही. त्यांना दिलेलं औषध सेमाग्लुटाइड. ते चरबीच्या थरातून हळूहळू रक्तात उतरतं आणि एक ते तीन दिवसांत त्याचं रक्तातलं प्रमाण सगळ्यांत जास्त होतं. सोमवारी दुपारपासून वहिनींना भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याच्या वाटपाचा वास नकोसा व्हायचा. मंगळवारी करपट ढेकर, पोट जड, तोंडाला पाणी सुटून मळमळ. गुरुवारपर्यंत निवळायचं. कोणी विचारलं, “जेवत का नाही?”, तर उत्तर ठरलेलं: पित्त झालंय.

इंजेक्शन घेते हे त्यांनी वेंगुर्ल्यात कोणालाच सांगितलं नव्हतं. रक्तदाब होता, गुडघे दुखत होते, डॉक्टरांनी तपासूनच औषध सुरू केलं होतं. तरी ‘वजनासाठी सुई घेते’ म्हटलं की लोक आळशी समजतील, ही भीती. ही भीती मी इतर घरांतही पाहिली आहे आणि मला तिचा राग येतो, कारण लपवलेल्या औषधाचा त्रासही लपवावा लागतो. आणि आपल्याकडे लपवायला पित्त हा शब्द तयारच असतो. जागरण झालं, पित्त. उपास घडला, पित्त. डोकं चढलं, पित्त. या औषधांवर असलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र या एका शब्दाखाली निदान चार वेगळ्या गोष्टी दडू शकतात: औषधाची मळमळ, साधी जळजळ, पित्ताशयातले खडे आणि स्वादुपिंडाची सूज. त्यांतल्या शेवटच्या दोन घरी बसून सोसायच्या नसतात.

आधी औषधाचं काम पाहू. आपण जेवतो, अन्न लहान आतड्यातून पुढे सरकतं, तेव्हा आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशी जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सोडतात. ‘अन्न पोचलं, आता पुरे’ असा तो निरोप. शरीरातलं एक विकर हा निरोप भराभर पुसून टाकतं; दोनेक मिनिटांत त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. म्हणून मूळ संप्रेरक औषध म्हणून टोचण्यात अर्थ नव्हता. वाट सापडली ती अमेरिकेतल्या गिला मॉन्स्टर या विषारी सरड्यापाशी. १९९२ मध्ये डॉ. जॉन इंग यांनी त्याच्या विषात जीएलपी-१ सारखंच, पण लवकर न मोडणारं एक द्रव्य असल्याचं दाखवलं. त्यावर आधारलेलं एक्सेनाटाइड २००५ मध्ये अमेरिकेत मधुमेहासाठी मंजूर झालं. ते दिवसातून दोनदा टोचावं लागे. सेमाग्लुटाइड हे सरड्याच्या नव्हे, माणसाच्याच जीएलपी-१ ची नक्कल आहे. त्याच्या रेणूला स्निग्धाम्लाची एक शेपटी जोडलेली असते. ती रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून राहते, म्हणून औषध आठवडाभर टिकतं. मार्च २०२५ मध्ये भारतात आलेलं टिर्झेपाटाइड, म्हणजे मौंजारो, जीएलपी-१ बरोबर जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचंही काम करतं.

दोन मिनिटांचा निरोप आठवडाभर वाजत राहिला तर काय होईल? जठर आपलं दार हळू उघडतं, त्यामुळे दुपारचा भात संध्याकाळीही पोटात असल्यासारखा वाटतो. आणि मेंदूच्या तळाशी एक छोटा भाग आहे, त्याच्यापाशी रक्त आणि मेंदू यांच्यामधला नेहमीचा पडदा सैल असतो. रक्तात विष आलं का हे हुंगून ओकारी घडवणं हे त्याचं काम. या भागावरही जीएलपी-१ ओळखणारी केंद्रं आहेत. भूक शमवणारा निरोप आणि मळमळ उठवणारा निरोप मेंदूत अगदी शेजारी-शेजारी पोचतात. म्हणजे वहिनींचा मंगळवार हा औषधातला दोष नव्हता, त्यांचं शरीर नाजूक असल्याची खूणही नव्हती. वजन उतरवणारं काम आणि त्रास देणारं काम यांची वाट बरीचशी एकच आहे.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत १,९६१ जणांना ६८ आठवडे सेमाग्लुटाइड किंवा औषध नसलेलं इंजेक्शन दिलं होतं. औषधवाल्यांचं वजन सरासरी १४.९ टक्के घटलं, दुसऱ्या गटाचं २.४ टक्के. मळमळ औषधवाल्यांपैकी सुमारे ४४ टक्के लोकांना झाली, आणि औषध नसलेल्या इंजेक्शनवरही १७ टक्क्यांना. जुलाब जवळपास तिघांतल्या एकाला, ओकारी चौघांतल्या एकाला, बद्धकोष्ठ त्याहून किंचित कमी जणांना. पण पोटाच्या त्रासापायी औषध सोडणारे फक्त ४.५ टक्के. त्रास बहुतेकांना डोस वाढत असताना होतो आणि नंतर ओसरतो, कारण जठराचं मंदावणं काही आठवड्यांत काहीसं कमी होतं.

म्हणूनच डोस पायऱ्यांनी चढवतात: ०.२५ मिलिग्रॅमपासून ०.५, १, १.७ आणि मग २.४, प्रत्येक पायरीवर किमान चार आठवडे. मळमळ थांबलेली नसताना पुढची पायरी चढण्याची घाई करू नये. एका पायरीवर जास्त दिवस थांबायला डॉक्टर हरकत घेत नाहीत, फक्त त्यांना त्रास सांगायला हवा. “मैत्रिणीचो डोस वाढलो, माझो नाय” म्हणून वहिनी हिरमुसल्या होत्या. ही स्पर्धा नाही, असं त्यांना मी निदान तीनदा सांगितलं असेल.

उरलेलं काम स्वयंपाकघराचं. जठर आधीच संथ झालेलं असतं, त्यात स्निग्ध पदार्थ सगळ्यांत उशिरा पुढे सरकतात. आपल्या किनाऱ्यावरचं जेवण नारळावर उभं आहे. वाटपाची आमटी, दाट सोलकढी, तव्यावर तेल सोडून तळलेली सुरमई हे सगळं एका ताटात आलं की करपट ढेकर ठरलेले. नारळ सोडा, असं मी म्हणणार नाही. सोमवार-मंगळवारी मात्र त्याला सुट्टी द्यावी. त्या दोन दिवसांत आमच्याकडे पेज होते. उकड्या तांदळाची, पातळ, चिमूटभर मीठ घातलेली. पेजेत पाणी आहे, मीठ आहे, सहज पचणारा स्टार्च आहे. आजारी माणसाला पेज देणाऱ्या आज्यांनी केलं ते शास्त्राला धरूनच होतं. जुलाबात तांदळाच्या पिठाचं जलसंजीवनी द्रावण चालतं हे पुढे अभ्यासांनीही दाखवलं. वहिनी ताटाऐवजी वाडग्यात जेवतात, सावकाश, आणि ‘पुरे’ची पहिली जाणीव झाली की थांबतात. दुसऱ्या घासाला उशीर झालेला असतो, असं त्या सांगतात.

पाण्याकडे मात्र मुद्दाम लक्ष द्यावं लागतं. भूक मंदावते तशी पाण्याचीही आठवण कमी होते. मे महिन्यात आपल्या दमट हवेत घाम गळत राहतो, वाळत नाही. त्यात ओकारी-जुलाब झाले तर शरीर कोरडं पडून मूत्रपिंडांवर ताण येतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर धोका जास्त. ओआरएसची पाकिटं घरात हवीतच. वहिनी कोकमाचं आगळ पाण्यात घालून, मीठ टाकून घोट-घोट घेतात. त्यात नारळाचा रस नसल्याने ते पोटात राहतं. बद्धकोष्ठाचं मूळही बरंचसं इथेच असतं. कमी खाल्लं, कमी प्यायलं, तर शौचाला साफ होणार कसं?

असंच लक्ष स्नायूंकडेही हवं. उतरलेल्या वजनात सगळी चरबी नसते; पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त वाटा स्नायूंसकट बाकीच्या ऊतींचा असू शकतो. वयाच्या पन्नाशीनंतर गेलेला स्नायू सहज परत येत नाही. थोडंच खायचं असेल तर त्यात प्रथिनं आधी. १०० ग्रॅम बांगड्यात सुमारे १९ ग्रॅम प्रथिनं असतात. हळद, मीठ, कोकम घालून नुसता उकडला तर पोटालाही हलका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा अंडी, मुगाचं कढण, कुळथाची पिठी. सुकी मासळी चालते, पण रक्तदाबवाल्यांनी त्यातलं मीठ विसरू नये. आणि विहिरीचं पाणी ओढणं, पाणंदीची चढण, खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं, असलं काहीतरी रोज हवं.

पेन सांभाळणं हाही आपल्याकडे वेगळाच प्रश्न आहे. न उघडलेलं पेन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं. बाहेर ३० अंशांखाली किती दिवस चालतं ते प्रत्येक पेनाच्या पत्रकात दिलेलं असतं. आपली मेमधली दुपार ३० च्या वरच असते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या कितीतरी गावांत अनेक दिवस वीज नव्हती. अशा वेळी दोन चुका होतात. एक, पेन माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवणं: माठ थंड होतो तो पाण्याची वाफ होऊन, आणि दमट हवेत ती फार होत नाही. दुसरी, मासळीच्या थर्माकोलच्या पेटीत थेट बर्फावर ठेवणं. गोठलेलं औषध वाया जातं, वितळल्यावर ते पूर्वीसारखंच दिसलं तरी. बर्फ आणि पेन यांच्यामध्ये जाड कापडाच्या घड्या हव्यात.

आता त्या दोन गोष्टी, ज्या सोसायच्या नसतात.

गेल्या गणपतीत घरात मुंबईची माणसं भरलेली. “वहिनी, एवढ्याने काय होतंय, अजून एक घ्या,” करत तीन उकडीचे मोदक तुपासकट ताटात पडले आणि त्यांनी ते माणसांखातर खाल्ले. रात्री अकरा वाजता पोटात कळ आली. दादाने पित्ताची गोळी दिली. कळ तासाभराने गेली. चार दिवसांनी गौरीच्या जेवणानंतर पुन्हा आली. मी पोटावर हात ठेवायला सांगितला, तर हात छातीखाली मध्ये न जाता उजवीकडे बरगडीखाली गेला आणि दुसरा हात उजव्या खांद्यामागे. जळजळ नव्हती, आंबट पाणी नव्हतं. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले.

वजन झपाट्याने उतरतं तेव्हा यकृत पित्तरसात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं, आणि कमी खाण्यामुळे पित्ताशय पुरतं रिकामं होत नाही. साचलेल्या रसात खडे धरतात. कोणत्याही उपायाने वजन वेगाने उतरलं तरी हे होऊ शकतं, आणि या औषधांनीही धोका काहीसा वाढतो. तूपकट जेवणानंतर उजवीकडे येणारी कळ, तिच्यासोबत ताप किंवा डोळे पिवळे होणं, याला पित्त म्हणून गोळी घेत राहिलं तर वेळ जातो. दुसरी गोष्ट स्वादुपिंडाची सूज. ती क्वचित होते, पण गंभीर असते: पोटाच्या वरच्या भागात न थांबणारी, पाठीत आरपार जाणारी जोराची कळ आणि ओकाऱ्या. तशी कळ आली की पुढची सुई घ्यायची नाही आणि रात्र असली तरी रुग्णालय गाठायचं. पाण्याचा घोटही टिकत नसेल, लघवी अगदी कमी होत असेल किंवा एका डोळ्याची नजर अचानक गेली, तरीही थांबू नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असलेल्यांना हात थरथरून घाम फुटला तर साखर उतरलेली असू शकते.

काहींनी हे औषध सुरूच करायचं नसतं: स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झाला असेल त्यांनी, आणि गर्भवतींनी. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड दोन महिने आधी थांबवतात. टिर्झेपाटाइड घेताना गर्भनिरोधक गोळीचा भरवसा काही आठवडे कमी होतो, हे सुनांना आणि मुलींना स्पष्ट सांगायला हवं.

वहिनींच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी आदल्या दिवशी पहिलाच प्रश्न विचारला: “वजनाची किंवा साखरेची आठवड्याची सुई घेता का?” जठर संथ असल्याने उपाशी राहूनही पोटात अन्न उरू शकतं आणि भुलेत ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. खोलीत मुंबईची नणंद होती, शेजारीण होती. वहिनी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “होय, घेतंय.” त्या दिवशी सगळ्यांना कळलं. शेजारणीने दाराबाहेर गाठून मला हळूच विचारलं, तिच्या मुलाच्या सुईचा डबा फ्रिजच्या दारात ठेवला तर चालतो का.

औषध पुढे चालू ठेवायचं का, हा प्रश्न होताच. याच औषधाच्या चाचणीत ते थांबवल्यावर वर्षभरात लोकांचं उतरलेलं वजन सुमारे दोन तृतीयांश परत आलं होतं. गुडघ्यांचा विचार करून, डॉक्टरांशी बोलून वहिनींनी पुन्हा सुरुवात केली, ०.२५ पासून. कालनिर्णयात आता टिंबाखाली दोन ओळी असतात: त्रास कधी, कुठे, कसा. परवाच्या मंगळवारी लिहिलं होतं: ‘दुपारी ३, मध्यभागी, जळजळ नाही, पेज पोटात राहिली.’