हर्डल, बॅरिअर की घोड्याचा जंप? ऑर्डर देण्याआधी एवढं वाचा

पावसाळा सरत आला की नाशिकजवळच्या अंबडमधल्या आमच्या वर्कशॉपमध्ये फोन सुरू होतात : "दहा हर्डल पाठवा, तीन फुटी." शाळा-कॉलेजच्या स्पर्धा तोंडावर असतात, घाई आम्हालाही कळते. पण एवढ्या माहितीवर आम्ही लोखंड कापायला घेत नाही.

गोंधळ उंचीमुळे होतो. पुरुषांच्या ४०० मीटर हर्डल्सची उंची ९१.४ सेंमी आणि ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाणी ओलांडत धावायच्या शर्यतीतल्या बॅरिअरचीही तेवढीच. महिलांसाठी दोन्हीकडे ७६.२. उंची सारखी, काम मात्र उलटं. हर्डलला पाय लागला की तो आडवा झालाच पाहिजे. बॅरिअर जागचा हलता कामा नये, कारण धावपटू त्यावर पाय देऊन पुढे झेपावतात. म्हणूनच त्याचं वजन ८० ते १०० किलो, रुंदी किमान ३.९४ मीटर आणि वरची तुळई १२.७ सेंमी चौरस. "जरा हलका करा, दोन मुलांना उचलता आला पाहिजे," असं बरेच जण सांगतात. ते आम्ही करत नाही. लोखंड कमी घातलं तर भाव नक्की उतरेल, पण पाय पडताच बॅरिअर कलंडला तर पहिला तोंडावर आपटतो आणि मागचे त्याच्यावर. अविनाश साबळेंचं स्टीपलचेसमधलं २०२२चं राष्ट्रकुल रौप्य पाहून मैदानावर उतरलेल्या मुलांना सराव तरी खऱ्या मापावर मिळू द्या. दोन्ही उंचींना बसणारे पाय आमच्याकडे मिळतात, मुला-मुलींसाठी वेगळा संच घ्यावा लागत नाही.

रायडिंग क्लबांची मागणी वेगळीच असते. "पोल सारखा पडतो, क्लिपने पक्का करून द्या." कृपया हा आग्रह धरू नका. शो जंपिंगचा, म्हणजे घोड्यावरून अडथळे ओलांडायच्या स्पर्धेतला आडवा पोल उथळ कपमध्ये नुसता टेकलेला असतो, तो पडावा म्हणूनच. घोड्याचा पाय अडकला आणि पोल सुटला नाही तर जनावर स्वारासकट पालथं होतं. घोड्यांची स्टीपलचेस हा आणखी वेगळा प्रकार. १७५२मध्ये आयर्लंडात बटव्हंटच्या चर्चपासून डोनेरेलच्या चर्चपर्यंत दोन स्वार कुंपणं-ओढे ओलांडत दौडले, तिथून ती ओळखली जाते. त्यासाठी झुडपी कुंपण लागतं, ते आम्ही बनवत नाही.

तेव्हा फोनवर आधी सांगा : पायी की घोड्यावर, शर्यत कोणती, वयोगट कोणता. तिथे चूक झाली तर माल परत येतो आणि तुमची स्पर्धा निघून जाते. स्टीपलचेसला एका फेरीत पाच उड्या, त्यातली एक पाण्याची, म्हणजे सुटे बॅरिअर चार. पहिला शक्यतो पाच मीटर रुंदीचा घ्या, तिथे सगळे एकदम येतात.

माल न्यायला छोटा हत्ती पाठवू नका, तुळई त्यात मावत नाही. सतरा फुटी गाडी लागते. नाशिक शहरात आमची गाडी पोचवते आणि आमची माणसं बॅरिअर मैदानावर जोडूनही देतात.